पुंजामामांचे पाच रुमाल

पुंजाराम निकम यांच्या खिशांत कायम पाच रुमाल असत आणि त्यांतल्या एकानेही त्यांनी कधी नाक पुसलं नाही. नाक, घाम, तोंड असल्या किरकोळ कामांना खांद्यावर पंचा होता. रुमाल फक्त जागा धरण्यासाठी.

आता रुमाल टाकून जागा धरणं ही काही पुंजामामांनी काढलेली रीत नव्हे. एसटीच्या खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, वेळ पडली तर शेजारणीचं पोर आत टाकल्याशिवाय आपल्याकडे कुणी गावाला गेलेलं नाही. पण तुम्ही-आम्ही एसटीतून उतरलो की रुमाल खिशात घालतो आणि विसरतो. मामा विसरत नसत. लग्नाची पंगत, दवाखान्यातला बाक, कीर्तनाची सतरंजी, न्हाव्याची खुर्ची, जिथे म्हणून माणसाला टेकता येतं तिथे मामा आधी पोचत, रुमाल अंथरत आणि मागून येणाऱ्याला लांबूनच हात करून ओरडत, "जागा धरली हाय, बिनघोर या!" येणारा येईलच असं नसे. मामांना त्याचं काही वाटत नसे.

गावी, पिशोरला, पुतणीच्या लग्नात त्यांनी पंगतीत ओळीने चार पाटांवर रुमाल टाकले. वाढपी बुंदी वाढून गेले, वरण वाढून गेले, चौघांचा पत्ता नाही. शेवटी मुलीचा बाप, म्हणजे मामांचा सख्खा भाऊ, कंटाळून त्यातल्या एका पाटावर बसायला गेला तर मामांनी त्याला दंड धरून उठवलं. "रुमाल म्हंजी मानूसच असतो. बसल्या मानसाच्या मांडीवर बसतो का तू?" मुलीचा बाप दुसऱ्या पंगतीला जेवला.

माझ्या लग्नाच्या अल्बममध्येही एक फोटो आहे. सोफ्यावर या टोकाला मी, त्या टोकाला बायको आणि मधोमध एक चौकडीचा रुमाल. ती माझ्या वडिलांची जागा. वडील तेव्हा मठ्ठा प्यायला गेले होते. बायकोने तो फोटो बरीच वर्षं कुणाला दाखवला नाही.

पाचांपैकी तीन रुमाल पांढरे होते, सार्वजनिक वापराचे. चौथा हा चौकडीचा. तो माझ्या वाट्याचा, त्याचं पुढे सांगतो. पाचवा लाल काठाचा होता. तो ते वरच्या खिशातून चुकूनही बाहेर काढत नसत. कधी विचारलंच तर म्हणत, "त्यो घरचा हाय," आणि विषय बदलत.

आमची ओळख बसमधली. चिकलठाण्याला पंखे बनवणाऱ्या एका कंपनीत आम्ही दोघे कामाला होतो. मामा वाइंडिंगवर, म्हणजे पंख्याच्या मोटारीत तांब्याची तार भरायच्या कामावर, आणि मी स्टोअरमध्ये कारकून. कंपनीची पांढरी बस सकाळी शहरातल्या छावणी भागातून निघायची. मामा तिथेच चढत. क्रांती चौकात मी चढेपर्यंत ती खच्चून भरलेली असे. पण डावीकडचं तिसऱ्या खिडकीचं दोन माणसांचं बाकडं मामांचं, आणि त्यावर मामांच्या शेजारी चौकडीचा रुमाल माझा. अकरा वर्षांत मी एक दिवस उभ्याने गेलो नाही.

फक्त पहिला दिवस तेवढा अर्धा उभ्याने गेलो. ओळखीचं कुणी नव्हतं. मामांच्या शेजारी रुमाल दिसला म्हणून मी दांडा धरून उभा राहिलो. मामांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "स्टोअरला नवीन लागले ते तुमीच का?" मी हो म्हणालो. मग ते खिडकीबाहेर पाहत राहिले. मोंढा नाका गेल्यावर कुठे त्यांनी रुमाल उचलला, त्याच्या सावकाश चार घड्या केल्या आणि म्हणाले, "बसा."

असा सगळा सुखाचा मामला चालला असताना कंपनी विकली गेली. नव्या मालकाला पंखे नको होते, जागा हवी होती. एका शनिवारी फलकावर कागद लागला आणि सोमवारपासून आम्ही सगळे मोकळे झालो.

त्या सोमवारी मी अंथरुणातच होतो. सहा वाजता दार वाजलं. दारात पुंजामामा, धुतलेला आकाशी युनिफॉर्म, पॉलिश केलेले बूट, हातात डबा. छावणीपासून चालत आलेले.

"कामून निजले, जोशीभाऊ?"

"मामा, कंपनी बंद झाली."

"कंपनी बंद झाली. सकाळ बंद झाली का? उठा. नोकरी सापडायची तर नोकरीच्याच टायमाला सापडती. धा वाजता उठनाराला पेपर सापडतो निस्ता."

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी उठलो. बायकोनेही मुकाट्याने डबा भरून दिला. ती तेव्हापासून पोरांच्या शिकवण्या घेऊ लागली.

मामांचं शास्त्र असं, की सगळ्या कंपन्यांच्या बसेस क्रांती चौकात थांबतात, म्हणजे सगळ्या कंपन्यांची माणसं क्रांती चौकात उभी असतात, म्हणजे कुठे कोण सुटलं, कुठे कोण रिटायर झालं ही बातमी आधी तिथे येते. तेव्हा आपण रोज तिथे, त्याच वेळेला, युनिफॉर्ममध्ये उभं राहायचं. आणि खरंच बातम्या येत. पण एकाच बातमीवर पन्नास जण जात आणि मामा पन्नाशीला टेकलेले. "तुमचं वय..." असं म्हणून साहेब लोक थांबत. मामा वाक्य पुरं करून देत, "तुमच्यापरीस लहान हाय." हे काही नोकरी मिळवायचं बोलणं नव्हे.

एका ठिकाणी मुलाखतीला आम्हाला नऊला पोचायचं होतं तर मामा साडेसातला पोचले आणि बाहेरच्या चारही खुर्च्यांवर रुमाल टाकून स्वतः उभे राहिले. उमेदवार आले, भिंतीला टेकून उभे. साहेब आले, पाहतात तर माणसं उभी आणि खुर्च्यांवर रुमाल. "हे काय आहे?" साहेबांनी विचारलं. मामा अदबीने म्हणाले, "आमच्या कंपनीची मानसं हायेत, साहेब. येतीलच आता. बसून घ्या म्हनलो असतो, पन जागा नाय." आम्हाला आत बोलावलंच नाही.

मग मामांनी दुसरी युक्ती काढली. तीन चांगल्या कंपन्या निवडल्या आणि प्रत्येक फाटकावर वॉचमनच्या हातात एकेक पांढरा रुमाल दिला. "वाइंडिंगची एक आन् स्टोअरची एक, आशा दोन जागा निघाल्या की आमचा रुमाल हाय म्हनून सांगायचं आत." वॉचमन बिचारे हो म्हणत. एकाने त्या रुमालाने सायकल पुसलेली मामांनी पाहिली, तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदा बसला. "जागा पुसली ना त्यानं," ते एवढंच म्हणाले.

मी म्हणालो, नवे रुमाल घेऊ. ते नको म्हणाले. नवे घ्यायचे ते नोकरी लागल्यावर. असे सात महिने गेले. खिशात चौकडीचा उरला आणि तो लाल काठाचा. मामा चौकात पूर्वीइतक्याच ताठ मानेने उभे राहत, पण डबा आता हलका वाटू लागला होता. मला कळत होतं की असं फार दिवस चालणार नाही. पिशोरला जाऊन भावाच्या शेतात राबावं लागेल असं एकदा ते बोलून गेले, आणि ते बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मग ती सकाळ उजाडली. थंडी मी म्हणत होती, धुकं होतं. धुक्यातून पांढरी बस आली आणि थांबली. ड्रायव्हरच्या जागेवर शकूरभाई, आमच्याच बसवर वर्षानुवर्षं असलेला ड्रायव्हर. त्याने मामांना पाहून मान हलवली. मामांचा हात आपोआप खिशात गेला, चौकडीचा रुमाल डावीकडच्या तिसऱ्या खिडकीतून आत पडला, आणि मागोमाग मामा चढले. "चला चला, जागा धरली हाय!" मीही चढलो. बसलो. मला डुलकीसुद्धा लागली. सवयीचा गुलाम म्हणतात तो असा.

मुकुंदवाडीच्या पुढे मला जाग आली. आजूबाजूला सगळे करडे युनिफॉर्म, एकही चेहरा ओळखीचा नाही. मी मामांना ढोसलं. मामांनी इकडे-तिकडे पाहिलं आणि ओरडले, "ओ शकूरभाई! ही गाडी कोनाची?"

शकूरभाईने आरशात पाहिलं आणि त्याचा पाय ब्रेकवर गेला. "या अल्ला! मामू, तुम इस गाडी में कायकू?"

"तुमीच तर थांबवली!"

"मैं तो अब पंपवालों की गाडी चलातूं! तुम्हारा रुमाल आया, मैं समझा रोज के जैसा चलरा सब!"

बस हसून हसून गदगदली. तोवर गाडी फाटकातून आत गेली होती. विहिरीत सोडायच्या पाण्याच्या मोटारी बनवणारी कंपनी होती ती. मी म्हणालो, "मामा, गुपचूप बाहेर पडू." मामांचे डोळे चमकत होते. "सात महिने फाटकाच्या भाईर उभं ऱ्हायलो, जोशीभाऊ. आज गाडीनं आत आनून सोडलं. असंच कसं जायचं? बघून तर येऊ."

बघून तर येऊ म्हणजे काय हे मला पाच मिनिटांत कळलं. वाइंडिंगच्या खात्यात तार न भरलेल्या मोटारींचा ढीग पडला होता, सुपरवायझर डोक्याला हात लावून उभा होता, उन्हाळ्याच्या ऑर्डरी तोंडावर होत्या. ओळीतलं एक स्टूल रिकामं होतं. पिशोरच्या शिवारातली जळलेली प्रत्येक मोटार मामा रविवारी गावी जाऊन दुरुस्त करत आले होते, त्यामुळे त्यांना हे काम नवं नव्हतं. त्यांनी डबा खाली ठेवला, एक मोटार ओढली आणि फरशीवर मांडी घालून तार भरायला बसले. सुपरवायझरला वाटलं, ऑफिसने माणूस पाठवला. मी घाबरून शेजारच्या स्टोअरमध्ये लपलो. तिथे बेअरिंगं नंबर सोडून वाटेल तशी पडली होती. ते मला बघवेना. मी लपल्या लपल्या रॅक लावायला घेतले.

पकडले गेलो ते कँटीनमध्ये. मामांनी ताट घ्यायच्या आधी माझ्यासाठी रुमाल टाकून जागा धरली, पण कँटीनवाल्याने कूपन मागितलं, ते कुठून देणार? दोघांची वरात वर्क्स मॅनेजर भालेराव साहेबांच्या केबिनमध्ये गेली. मामांनी भरलेल्या दोन मोटारी तपासून आल्या. दोन्ही पास. स्टोअरचा माणूस सांगत आला की पुण्याच्या ऑफिसातून कुणीतरी येऊन रॅक लावून गेला. साहेब आधी तापले होते, मग सगळी हकीकत ऐकून खुर्चीत मागे रेलून पोट धरून हसले. हसणं ओसरल्यावर मामांना म्हणाले, "उद्यापासून या. ते रिकामं स्टूल तुमचं."

सात महिने! मी मामांचा हात दाबला.

मामा म्हणाले, "पन साहेब, त्याच्यावर तर रुमाल हाय."

साहेबांना कळेना. सुपरवायझर म्हणाला, "अहो, ते तेल पुसायचं फडकं आहे. आमच्या सांडू नावाच्या कामगाराचं. पाय मोडून महिनाभर गावी पडलाय. म्हणून तर तुम्हाला घेतोय."

"फडकं असंल. पन त्यानंच ठेवलंय ना? म्हंजी यायचाय तो." मामा उभे राहिले. "त्याची जागा हाय, साहेब. दुसरी निघाली तर सांगा. खाली बसून बी करीन."

मी टेबलाआडून त्यांच्या पायावर पाय दिला. दोनदा दिला. मामांनी पाय बाजूला घेतला. साहेबांचं हसू गेलं. "दुसरी जागा नाही," ते म्हणाले, आणि आम्ही बाहेर आलो.

चिकलठाण्यापासून क्रांती चौकापर्यंत आम्ही चालत आलो. खोटं कशाला सांगू, मला त्यांचा संताप आला होता. मळक्या फडक्यासाठी या माणसाने हातची नोकरी सोडली आणि बरोबर माझीही आशा घालवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी दार वाजवलं तर मी बायकोला सांगायला लावलं की बरं नाही. नंतर त्यांनी वाजवलं नाही. ते चौकात एकटेच उभे असतात एवढं कानावर येत होतं.

आठ-दहा दिवसांनी संध्याकाळी शकूरभाई माझं घर शोधत आला आणि दारातूनच ओरडला, "मिठाई मंगाव, जोशीसाब!" सांडू परवा कामावर हजर झाला होता. आपल्या फडक्याची कथा त्याने आल्या आल्या ऐकली, आणि लंगडत थेट भालेराव साहेबांकडे गेला. एकट्याने हा ढीग आटपणार नाही, तो माणूस शोधून आणा, म्हणाला. साहेबांनी शेजारी दुसरं स्टूल ठेवायला लावलं होतं. आणि बेअरिंगं लावणारा तो पुण्याचा माणूसही त्यांना हवा होता. उद्यापासून दोघांनी यायचं.

मी सायकल काढली आणि छावणीपर्यंत कशी मारली ते मला आठवत नाही. अकरा वर्षं रोज खांद्याला खांदा लावून बसलो, पण मामांच्या घरी मी कधी गेलो नव्हतो. दोघा-तिघांना विचारत खोली सापडली. दार उघडंच होतं. दिवेलागण झाली होती. "मामा! झालं! दोघांचंही झालं!" असं ओरडत मी आत शिरलो आणि उंबऱ्याजवळच थांबलो.

मामा जेवायला बसत होते. त्यांच्यासमोर ताट होतं, ताटात भाकरी आणि पिठलं. समोर दुसरा पाट मांडलेला होता. पाटावर लाल काठाचा रुमाल होता, घडी मोडून नीट पसरलेला.

मी धापा टाकत सगळं सांगितलं. मामांचा पहिला प्रश्न, "सांडूचा पाय कसाय?"

"बरा आहे. मामा, कुणी यायचंय का?"

मामांनी पाटाकडे पाहिलं. "दत्तू," ते म्हणाले. त्यांचा मुलगा सुरतेला असतो आणि आई गेल्यापासून इकडे फिरकत नाही, इतकंच मला माहीत होतं.

"तुमची ती स्टोअरची जागा हाय ना, ती म्या दत्तूसाठी धरलती. साहेबाच्या लई मागं लागून. बसमधली बी. दोघाचं बाकडं, म्हनलं बापलेक संगं जाऊ, संगं येऊ. तर तो म्हने, दादा, समद्या जागा तुमीच धरता, मला एक तरी माझी धरू द्या. आन् गेला. भांडून गेला असता तर आला बी असता माघारी. हसून गेला." त्यांनी पंचाने तोंड पुसलं. "दिवाळीला पत्र येतं. चार वळी."

म्हणजे अकरा वर्षं मी दत्तूच्या जागेवर बसत होतो. नोकरीतही आणि बसमध्येही. "मग मला का बसू दिलंत, मामा?"

"तुमी उभे होते ना," मामा म्हणाले. "रुमाल बघून बसले नाय. दुसऱ्याची जागा कळती त्याला उभं कसं ठिवायचं?"

ज्या माणसाकडे मी आठ दिवस पाठ फिरवून होतो तो हा. मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकलो तर त्यांनी मला शेजारी भाकरी खायला बसवलं. त्या लाल काठाच्या रुमालाकडे बघत मी म्हणालो, "तो आला तर मी उठेन, मामा." मामा एकदम कडाडले, "उठायचं नाय! बसलेल्या मानसाला उठवीत नसतेत!" आणि मग बराच वेळ काहीतरी विचार करत जेवत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रांती चौकात बस आली. मी डावीकडच्या तिसऱ्या खिडकीकडे पाहिलं. तिथे दुसरेच दोघे बसलेले. घाईने चढलो.

मामा उजवीकडे होते, तीन माणसांच्या बाकड्यावर, खिडकीशी. शेजारी मध्ये चौकडीचा रुमाल, आणि कडेला लाल काठाचा.

"मधी बसा," मामा म्हणाले. "कडेची त्याला. चढल्या चढल्या दिसली पायजे."

मी माझा रुमाल उचलला, घडी करून मामांना दिला आणि मध्ये बसलो. बस भरत गेली. करड्या युनिफॉर्ममधला एक दणकट गडी आमच्यापाशी येऊन उभा राहिला आणि त्या मोकळ्या जागेकडे पाहून म्हणाला, "सरका ना भाऊ, ही कोनाची हाय?"

मामा खिडकीबाहेर पाहत होते.

"माणूस यायचाय," मी म्हणालो, आणि गाडीच्या वाऱ्याने उडालेला रुमाल पुन्हा नीट केला.